टायर आणि काळ्या ट्रिमला ड्रेसिंग कसे लावावे: निवडीपासून शेवटच्या पुसण्यापर्यंत

गाडी धुऊन झाल्यावर टायरवर आणि बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर जे द्रव किंवा जेल फिरवले जाते, त्याला सर्वसाधारणपणे ड्रेसिंग म्हणतात. एकाच बाटलीतले ड्रेसिंग दोन्हीकडे लावण्याची पद्धत इतकी रुळली आहे, की या दोन पृष्ठभागांच्या गरजा वेगळ्या आहेत याकडे सहसा लक्ष जात नाही. टायर आपल्या रक्षणाची बरीचशी सामग्री पोटात घेऊनच कारखान्यातून बाहेर पडतो. त्याला बाहेरून लावलेल्या द्रव्याने स्वच्छ, एकसारखा काळा रंग द्यावा आणि रबराला अपाय करू नये, एवढीच अपेक्षा रास्त आहे. ट्रिमची, म्हणजे बंपर, चाकांच्या कमानी यांसारख्या ठिकाणच्या रंग न दिलेल्या काळ्या प्लास्टिकच्या भागांची, स्थिती याच्या उलट असते. तिच्यातले संरक्षक घटक उन्हाने संपत जातात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत, त्यामुळे तिथे बाहेरून दिलेल्या थराला खरोखर महत्त्व असते. हा फरक ध्यानात ठेवला, तर कोणते उत्पादन घ्यावे, किती लावावे आणि कुठे थांबावे हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

रबर तपकिरी का पडते, प्लास्टिक पांढुरके का होते

टायरच्या मिश्रणात नैसर्गिक आणि कृत्रिम रबराबरोबर कार्बन ब्लॅक, गंधक, तेले, मेणे आणि इतर रसायने असतात. कार्बन ब्लॅक म्हणजे अतिशय बारीक काजळी. ती रबराला बळकटी देते, काळा रंग देते आणि अतिनील किरण शोषून घेते. ती मिसळण्याची पद्धत नव्हती त्या काळातले टायर पांढुरके असत. ऊन हा रबराचा एक शत्रू, तर हवेतला ओझोन हा दुसरा. ताणलेल्या रबराच्या रेणूंच्या साखळ्या ओझोनमुळे तुटतात आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगांचे जाळे दिसू लागते. याला आळा घालण्यासाठी टायरमध्ये ओझोनरोधक रसायने घातलेली असतात आणि त्यांत ६पीपीडी या रसायनाचा वापर फार मोठ्या प्रमाणावर होतो. ही रसायने आणि मेणे आतून हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात. मेणाचा पातळ पापुद्रा गाडी उभी असताना ओझोनला अडवतो आणि ओझोनरोधक रसायन टायर फिरत, दबत, ताणला जात असताना काम करते. काम करून झालेले हे रसायन तपकिरी पडते, आणि जुन्या टायरवर जी तांबूस, मळकट झाक दिसते ती बहुतांशी हीच असते.

म्हणून तो तपकिरी थर खरवडून काढल्याने रबराचे आयुष्य वाढते असा समज करून घेऊ नये. तो काढायचा तो ड्रेसिंग नीट बसावे म्हणून आणि टायर स्वच्छ दिसावा म्हणून. दर आठवड्याला जहाल डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारे रसायन, ओतून टायर घासत राहणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यात पृष्ठभागावर आलेले मेणही वरचेवर निघून जाते. नेहमीच्या धुण्यात गाडीचा शाम्पू आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. खोलवर घासणे ड्रेसिंगचा जुना थर उतरवायचा असेल तेव्हाच करावे.

ट्रिमचे प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीन किंवा त्यात रबरी घटक मिसळून केलेले असते. अतिनील किरणांमुळे त्याच्या वरच्या थरातल्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि खाचखळगे तयार होतात, आणि त्यांवर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरल्यामुळे काळे प्लास्टिक राखाडी, पांढुरके दिसू लागते. तेलकट किंवा सिलिकॉनयुक्त द्रव त्या खळग्यांत भरला, की विखुरणे कमी होते आणि रंग पुन्हा गडद दिसतो. ड्रेसिंग धुतले गेले की विटकेपणा परत का दिसतो, याचे उत्तर यातच आहे: प्लास्टिक दुरुस्त झालेले नसते, त्यातले खळगे तेवढे भरलेले असतात.

कोणते ड्रेसिंग निवडावे

बाजारातील उत्पादनांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्यात सिलिकॉन किंवा तत्सम घटक पाण्यात कालवलेले असतात. हे द्रव बहुधा दुधाळ दिसते, वाळल्यावर फारसे चिकट राहत नाही आणि त्याची झाक मंद असते. दुसऱ्यात तेच घटक पेट्रोलजन्य द्रावकात विरघळवलेले असतात. ते स्वच्छ, तेलकट दिसते, ओल्या काचेसारखे चमकते आणि पावसात अधिक टिकते. टायरसाठी मी पहिल्या वर्गाचीच शिफारस करेन. सिलिकॉनमुळे रबर खराब होते असे सरसकट म्हटले जाते, परंतु काळजी करायची ती मुख्यतः त्याच्यासोबतच्या पेट्रोलजन्य द्रावकाची, कारण असे द्रावक रबरात शिरून त्यातली तेले आणि संरक्षक मेणे बाहेर ओढू शकते. वर्षातून एखाद्या वेळी ते लावल्याने टायर निकामी होईल असे नाही. मात्र वारंवार लावण्यासाठी पाण्यावर आधारलेले ड्रेसिंगच निर्धोक ठरते.

लेबलवर स्पष्ट उल्लेख नसेल तर दोन खुणा पाहाव्यात. ज्वलनशीलतेची चेतावणी आणि रॉकेलसारखा वास असेल, तर ते उत्पादन द्रावकावर आधारलेले असते. हात किंवा स्पंज साध्या पाण्याने सहज धुतला जात असेल, तर ते पाण्यावर आधारलेले असण्याची शक्यता अधिक असते.

ट्रिमसाठी तिसराही पर्याय उपलब्ध असतो, तो म्हणजे सिरॅमिक किंवा सिलोक्झेन प्रकारचे कोटिंग. ते लावल्यावर पृष्ठभागावर घट्ट होऊन बसते, शाम्पूने सहज जात नाही आणि चांगल्या पूर्वतयारीनंतर अनेक महिने टिकते. गाडी बहुतेक काळ उन्हात उभी राहत असेल, तर दर पंधरा दिवसांनी द्रव फिरवण्यापेक्षा एकदा मेहनत घेऊन असे कोटिंग लावणे हिताचे आहे. अगदी विटलेल्या प्लास्टिकसाठी रंगद्रव्य असलेली पुनरुज्जीवक द्रावणेही असतात. त्यांनी रंग परत येतो, पण ती हात, कपडे आणि शेजारचा रंग तितक्याच सहजपणे काळा करतात.

रॉकेल, डिझेल, वापरलेले इंजिन ऑइल किंवा ब्रेक ऑइल टायरला चोळण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्या क्षणी टायर काळा कुळकुळीत दिसतो हे खरे, परंतु खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते, वर धूळही धरते. ब्रेक ऑइलचे थेंब गाडीच्या रंगावर पडले तर रंग मऊ होऊन उचलला जातो. हे उपाय पूर्णपणे टाळावेत.

जिथे ड्रेसिंग लागता कामा नये

ही बाब पद्धतीच्या आधी सांगणे आवश्यक आहे, कारण इथे चूक झाली तर प्रश्न दिसण्याचा न राहता जिवाचा होतो. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, त्या नक्षीच्या भागावर ड्रेसिंग अजिबात लावू नये. रबर आणि रस्ता यांच्यामध्ये निसरडा थर आला तर पकड कमी होते. ब्रेकची चकती, ब्रेक पॅड आणि ते चकतीवर दाबणारा कॅलिपर यांवर फवारा उडू देऊ नये. मोटारसायकल आणि स्कूटरच्या टायरला ड्रेसिंग लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वळणावर वाहन कलले की टायरचा बाजूचा भागही रस्त्याला टेकतो. गाडीच्या आत स्टिअरिंग, गिअरचा दांडा आणि पायाखालची पेडल यांनाही हे द्रव्य लागू देऊ नये. मागचा कॅमेरा, पार्किंगचे सेन्सर, दिव्यांच्या काचा आणि वायपरची पाती यांच्यापासूनही ते दूर ठेवावे.

साहित्य

फार काही लागत नाही. टायरसाठी ताठ केसांचा ब्रश, ट्रिमसाठी मऊ ब्रश, रिमच्या फटींसाठी एक लहान ब्रश, सौम्य अल्कलीयुक्त सर्वोपयोगी क्लीनर, गाडीचा शाम्पू, चाकांसाठी वेगळी बादली, चार-पाच मायक्रोफायबर कापड, दोन फोमचे पॅड, मास्किंग टेप आणि नायट्रिलचे हातमोजे एवढ्यावर काम भागते. तारेचा ब्रश वापरू नये. त्याने साइडवॉलवर ओरखडे उठतात. चाकांसाठीची बादली आणि कापड गाडीच्या रंगासाठी कधीही वापरू नये, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे टोकदार कण असतात.

धुणे: कामाचा मोठा वाटा

ड्रेसिंग टिकले नाही किंवा चालत्या गाडीतून उडून पत्र्यावर ठिपके पडले, तर दोष बहुतेक वेळा बाटलीचा नसून तयारीचा असतो. मळक्या टायरवर ड्रेसिंग फिरवणे म्हणजे सुटलेले पोपडे न खरवडता भिंतीवर चुना मारण्यासारखे आहे. थर रबराला चिकटतच नाही, मळाला चिकटतो आणि त्याच्यासकट निघून येतो.

गाडी सावलीत, सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि चाके हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या रिमवर क्लीनर क्षणात सुकतो आणि डाग धरतो. गाडीचा उरलेला भाग धुण्याआधी चाके उरकावीत, म्हणजे उडालेला मळ नंतरच्या धुण्यात निघून जातो. आधी पाण्याच्या जोरदार धारेने चिखल आणि सुटी धूळ काढावी, चाकाच्या वरची कमान आतून धुवावी, मग रिम स्वच्छ करावी आणि टायरला सर्वांत शेवटी हात घालावा.

टायरसाठी सर्वोपयोगी क्लीनरमध्ये, लेबलवर वेगळे सांगितले नसेल तर, एका भागाला चार भाग पाणी मिसळावे. ते साइडवॉलवर फवारून अर्धा ते एक मिनिट राहू द्यावे, पण सुकू देऊ नये. त्यानंतर ताठ ब्रशने गोलाकार घासावे. अक्षरे, आकडे आणि कडेची नक्षी यांच्या खाचांत ब्रश वेगवेगळ्या दिशांनी फिरवावा. पहिला फेस तपकिरी, कधी कधी चहाच्या रंगाचा येतो. तो धुऊन टाकावा आणि पुन्हा तेच करावे. फेस पांढरा राहू लागला की टायर स्वच्छ झाला असे समजावे. अनेक महिने ड्रेसिंगचे थर चढलेल्या टायरला तीन-चार वेळा घासावे लागते आणि या टप्प्यावर कंटाळून थांबण्याचा मोह आवरावा, कारण पुढच्या सर्व पायऱ्यांचा निकाल इथेच ठरत असतो.

टायर सुकल्यावर आणखी एक तपासणी करता येते. पांढऱ्या कापडाने साइडवॉल जोर देऊन पुसावी. कापडावर तपकिरी किंवा तेलकट डाग उमटला, तर अजून एक हात घासण्याची गरज आहे. नीट स्वच्छ झालेला टायर मंद, कोरडा आणि सर्वत्र एकसारखा दिसतो. त्यावर चकाकणारे पट्टे नसतात.

टायर इतक्या जवळून पाहण्याची वेळ एरवी क्वचित येते, म्हणून याच वेळी त्याची प्रकृतीही पाहून घ्यावी. साइडवॉलवर फुगवटा, आतले धागे दिसतील असा काप किंवा खोल भेगा आढळल्या, तर ड्रेसिंग बाजूला ठेवून टायर जाणकाराला दाखवावा. नक्षीच्या चरांमध्ये तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, तर चराची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली आहे आणि टायर बदलण्याची वेळ आली आहे असा त्याचा अर्थ होतो. साइडवॉलवरील डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांत निर्मितीचा काळ असतो: २३१९ असे अंक म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. भेगाळलेला जुना टायर काळा करून नवा भासवणे हे स्वतःची आणि पुढे ती गाडी घेणाऱ्याची फसवणूक ठरते.

ट्रिमसाठी क्लीनर अधिक सौम्य ठेवावा. एका भागाला दहा भाग पाणी पुरते. बंपरचे आणि चाकांच्या कमानींवरचे प्लास्टिक दाणेदार असते, म्हणून नुसत्या कापडाने पुसल्यास उंचवटे स्वच्छ होतात आणि मळ खळग्यांत तसाच राहतो. मऊ ब्रश वापरून फेस दाण्यांत खोलवर जाऊ द्यावा आणि भरपूर पाण्याने धुवावे. मेण किंवा पॉलिशचे पांढरे डाग ट्रिमवर राहिले असतील, तर त्यांवर कोमट पाणी आणि क्लीनर घालून ब्रशने घासावे. तरीही जात नसतील, तर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहावे. कोणतेही नवे रसायन आधी नजरेआड असलेल्या जागी लावून बघावे.

सुकवणे

ओल्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पडदा असतो आणि ड्रेसिंग त्याच्यावर तरंगत राहते. कापडाने टिपून घेतल्यावरही अक्षरांच्या खाचांत, रिम आणि टायर यांच्या सांध्यात आणि ट्रिमच्या जोडांमध्ये पाणी लपलेले असते. हवेचा झोत देणारे यंत्र असेल तर उत्तमच. नसेल तर अर्धा तास थांबावे आणि दरम्यान गाडीचा उरलेला भाग पुसून घ्यावा. बंपरच्या फटींतून मागाहून ओघळणारे पाणी ताज्या ड्रेसिंगवर पट्टे पाडते, त्यामुळे ट्रिमच्या बाबतीत ही उसंत विशेष उपयोगी पडते.

टायरला लावण्याची पद्धत

ड्रेसिंगची बाटली वापरण्यापूर्वी चांगली हलवावी, कारण पाण्यावर आधारलेली मिश्रणे उभी राहिली की त्यांचे थर वेगळे होतात. द्रव थेट टायरवर फवारण्याऐवजी पॅडवर घ्यावे. फवाऱ्याचे तुषार रिमवर, ब्रेकच्या चकतीवर आणि जमिनीवर जातात. सिलिकॉन पडलेली फरशी नंतर कितीतरी दिवस निसरडी राहते. फवाऱ्याचाच डबा असेल, तर तोही आधी पॅडवर मारावा.

एका टायरला साधारण चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटरच्या आसपास द्रव पुरते. रुंद किंवा उंच टायरला थोडे अधिक लागते. पॅडवर घेतलेले द्रव साइडवॉलवर चार-पाच ठिकाणी टेकवावे आणि मग रिमच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने, वर्तुळाकार, हलका दाब देत पसरवावे. जिथे साइडवॉल संपून नक्षीच्या गुट्ट्या सुरू होतात, तिथे हात थांबवावा. खाचांमध्ये द्रव पोहोचत नसेल तर लहान मऊ ब्रशने ते आत ढकलावे, पण डबके साचू देऊ नये. साचलेले द्रव हेच पुढे चाक फिरू लागल्यावर बाहेर फेकले जाते.

पहिला हात दहा ते पंधरा मिनिटे मुरू द्यावा. त्यानंतर कोरड्या मायक्रोफायबरने संपूर्ण साइडवॉल हलकेच पुसून घ्यावी. लावलेले पुसून टाकायचे हे अनेकांना विचित्र वाटते. प्रत्यक्षात रबराला लागणारा थर पुसल्यानंतरही तिथेच राहतो आणि निघते ते फक्त जादा झालेले द्रव. हाताला तेलकट न लागणारा, मंद काळा टायर हा या कामाचा योग्य शेवट आहे. मला स्वतःला नव्या टायरसारखी ही मंद झाकच आवडते. ओली चकाकी थोड्याच वेळात धुळीला चिकटून तांबूस पडते.

अधिक गडद छटा हवी असल्यास पहिला हात कोरडा झाल्यावर तितकाच पातळ दुसरा हात द्यावा, पुन्हा मुरू द्यावा आणि पुन्हा पुसावे. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी अधिक टिकतात, कारण जाड थर वरून सुकतो आणि आतून ओला राहतो.

गाडी लगेच रस्त्यावर काढू नये. पाण्यावर आधारलेल्या ड्रेसिंगला किमान अर्धा तास आणि दमट किंवा थंड हवेत त्याहून जास्त वेळ द्यावा. लेबलवर दिलेला अवधी यापेक्षा मोठा असेल, तर तोच पाळावा. काम करताना हवेचे तापमान साधारण १० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. थंडीत द्रव सुकत नाही आणि कडक उन्हात ते पसरण्याआधीच आळते. टायरचा काही भाग मडगार्डमुळे किंवा जमिनीलगत असल्यामुळे नीट हाताळता येत नसेल, तर गाडी अर्धे चाक फिरेल इतकी पुढे सरकवून उरलेला भाग पूर्ण करावा.

ट्रिमला लावण्याची पद्धत

ट्रिमचे काम टायरपेक्षा नाजूक असते, कारण तिच्या दोन्ही बाजूंना रंगवलेला पत्रा असतो. ड्रेसिंग द्रवरूप असेल आणि हात सरावाचा असेल तर टेपची गरज पडत नाही. कोटिंग किंवा रंगद्रव्य असलेले द्रावण वापरताना मात्र ट्रिमच्या कडेने मास्किंग टेप लावूनच सुरुवात करावी. दारांच्या तळाच्या पट्ट्या, आरशांचे पाये आणि छतावरचे दांडे या ठिकाणी टेप लावण्यात गेलेली दहा मिनिटे पुढचे तासभराचे पुसणे वाचवतात.

साध्या ड्रेसिंगसाठी फोमच्या पॅडवर किंवा दुमडलेल्या मायक्रोफायबरवर थोडे द्रव घ्यावे आणि एका वेळी हाताच्या लांबीएवढाच भाग हाती घ्यावा. दाणेदार प्लास्टिकवर ते आधी गोलाकार आणि मग एकाच सरळ दिशेने फिरवावे, म्हणजे पट्टे दिसत नाहीत. पाच ते दहा मिनिटांनी स्वच्छ बाजूने पुसावे. फार विटलेले प्लास्टिक पहिला हात जवळपास शोषून घेते आणि ठिकठिकाणी कमी-अधिक गडद दिसते. अशा वेळी घाबरून एकाच जागी जास्त ओतू नये, तर तासाभराने संपूर्ण पट्टीवर एकसारखा दुसरा हात द्यावा.

कोटिंग लावायचे असेल, तर पूर्वतयारीत आणखी एक पायरी वाढते. जुन्या ड्रेसिंगचा तेलकटपणा थोडाही राहिला तर कोटिंग धरत नाही, आणि पॉलिप्रोपिलीनला मुळातच काही चिकटणे अवघड असते. म्हणून धुऊन पूर्ण सुकलेली ट्रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी कापडाची नवी बाजू घेऊन, दोनदा पुसावी. त्यानंतर पॅडवर मोजके थेंब घेऊन आडवे आणि मग उभे फिरवावे, लेबलवर सांगितलेल्या अवधीत जादा भाग टिपून घ्यावा आणि दुसऱ्या कापडाने एकसारखे करावे. टिपण्यास उशीर झाला तर उंचवट्यांचे आणि पट्ट्यांचे डाग तसेच घट्ट होतात आणि मग ते काढणे फार कष्टाचे असते. कोटिंग लावल्यावर साधारणपणे एक दिवस पाण्याचा थेंबही लागू देऊ नये आणि पहिले काही दिवस शाम्पूने धुऊ नये. टेप मात्र कोटिंग घट्ट होण्याआधीच हलक्या हाताने काढावी.

समोरच्या काचेखालची, वायपरच्या मुळाशी असलेली काळी जाळीदार पट्टी सर्वांत लवकर विटते, कारण तिच्यावर ऊन थेट पडते. तिथे तेलकट ड्रेसिंग लावल्यास पहिल्याच पावसात ते काचेवर ओघळते आणि वायपर ते पसरवत जातो. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांमध्ये काच धूसर होते. या पट्टीला कोटिंग किंवा अगदी पातळ, पूर्ण पुसून घेतलेला हातच द्यावा आणि काम करताना काचेची खालची कड टेपने झाकावी.

हीट गनची उष्णता देऊन प्लास्टिक काळे करण्याची युक्तीही प्रचलित आहे. उष्णतेने वरचा थर किंचित वितळून खळगे भरले जातात आणि रंग गडद होतो, पण तो परिणाम कायमचा नसतो, दाणेदारपणा सपाट होतो आणि शेजारचा रंग जळण्याचा धोका असतो. जी ट्रिम अन्यथा बदलूनच टाकायची आहे तिच्यावरच हा प्रयोग करावा.

दारांची रबरे

दारांभोवतीची आणि डिकीची रबरे बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात. हे रबर ऊन आणि ओझोन उत्तम सोसते, मात्र खनिज तेलाने फुगते. त्यामुळे व्हॅसलीन, ग्रीस किंवा द्रावकयुक्त ड्रेसिंग त्यांना लावू नये. ओल्या कापडाने धूळ पुसून, सुकल्यावर सिलिकॉनचा किंवा रबरासाठीच्या खास द्रव्याचा अगदी पातळ हात द्यावा आणि कोरड्या कापडाने पुसून घ्यावे, म्हणजे कपड्यांना डाग लागत नाहीत.

काही बिघडले तर

चाकांमागच्या पत्र्यावर काळे किंवा तेलकट ठिपके उडाले असतील, तर ते ताजे असतानाच शाम्पूच्या पाण्याने धुवावेत. जुने झालेले ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने न घासता टिपून काढावेत. ठिपके उडण्याची कारणे ठरलेली असतात: टायर पूर्ण सुकलेला नव्हता, हात जाड झाला, किंवा जादा द्रव पुसायचे राहिले.

टायरवर ढगांसारखे चट्टे दिसत असतील तर खाली जुने सिलिकॉन शिल्लक आहे. वरून आणखी लावून ते झाकले जात नाहीत, पुन्हा घासावेच लागते. ड्रेसिंग आठवड्याच्या आत तपकिरी पडले, तर ब्रशने घासताना पांढरा फेस येण्याआधीच थांबलो असण्याची शक्यता अधिक असते. ट्रिमवर रंगद्रव्याचे असमान पट्टे राहिले असतील, तर ते ओले असेपर्यंत त्याच द्रावणाने ओल्या केलेल्या पॅडने पुन्हा फिरवून एकसारखे करता येतात.

गाडीच्या एखाद्या भागाला रंगकाम करायचे ठरले असेल, तर त्याआधी काही दिवस आसपास सिलिकॉनयुक्त ड्रेसिंग वापरू नये आणि रंगाऱ्याला ते लावले होते हे सांगावे. पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला, की ताजा रंग त्या जागी गोल खड्ड्यांसारखा फाटतो.

पुन्हा केव्हा लावावे आणि साहित्य कसे ठेवावे

पाण्यावर आधारलेले ड्रेसिंग टायरवर पाऊस, धूळ आणि धुण्याच्या वारंवारतेनुसार एक ते चार आठवडे टिकते. तारखा पाळण्याऐवजी टायरकडे पाहून ठरवावे: धुतल्यानंतर सुकलेला टायर असमान, राखाडी दिसू लागला की वेळ झाली. पूर्वीचा थर पातळ आणि पुसून घेतलेला असेल, तर पुढच्या वेळी दोन-तीनदा घासण्याची गरज पडत नाही. सौम्य क्लीनरचा एक हात पुरतो. ट्रिमवरच्या कोटिंगची परीक्षा पाण्याने होते. पाणी गोल थेंबांनी ओघळत असेल तर थर शाबूत आहे. ते पसरून बसू लागले, तर पुन्हा स्वच्छ करून नवा थर द्यावा. बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरला ड्रेसिंगपेक्षा सावली आणि अधूनमधून थोडे चालवणे अधिक मानवते, कारण टायर दबला, ताणला गेला की आतली संरक्षक द्रव्ये पृष्ठभागाकडे येत राहतात.

काम आटोपल्यावर पॅड कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवावेत. टायरचा, ट्रिमचा आणि कोटिंगचा पॅड वेगळा ठेवून त्यावर खूण करावी. कोटिंगचा पॅड वाळल्यावर कडक होतो, म्हणून तो टाकूनच द्यावा. सिलिकॉन लागलेले कापड गाडीचा रंग किंवा काच पुसण्यासाठी पुन्हा वापरू नये. द्रावकयुक्त उत्पादनाने भिजलेली कापडे गोळा करून बंद डब्यात कोंबू नयेत, उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यावीत आणि मगच टाकावीत. बाटल्यांची झाकणे घट्ट लावून त्या सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात. पाण्यावर आधारलेले ड्रेसिंग एकदा गोठले तर त्यातले घटक वेगळे होतात आणि हलवल्यावरही ते पूर्वीसारखे एकजीव होत नाही, त्यामुळे अतिथंडीत ते घरातच ठेवावे.